कॉलेजची समिती कागदावर, आमची पोर वाऱ्यावर

आधी माझी चूक सांगते. मग इतरांच्या काढते.

काही वर्षांपूर्वी आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाने मला त्यांच्या अंतर्गत तक्रार समितीवर बाहेरची सदस्य म्हणून घेतलं. मी समाजकार्य करते, समाजशास्त्रात एम.ए. केलंय, बाई आहे आणि बौद्ध आहे. एका नावात संस्थेचे चार रकाने भरले. पत्र आलं, मी ते कौतुकाने फाईलला लावलं. पुढे वर्षभर कुणी बोलावलं नाही.

मग नॅकची पाहणी जवळ आली. एका संध्याकाळी एक प्राध्यापिका रजिस्टर घेऊन घरी आल्या. चार बैठकांची इतिवृत्तं टाइप करून चिकटवलेली होती. विषय, चर्चा, ठराव, सूचक, अनुमोदक, सगळं जागच्या जागी. या चारपैकी एकही बैठक झाली नव्हती. प्रत्येकीच्या शेवटी एकच वाक्य होतं: 'या कालावधीत एकही तक्रार प्राप्त झाली नाही.' बाई म्हणाल्या, "ताई, तक्रारच नाही तर बैठकीत बोलणार काय? तुमच्या तेवढ्या सह्या राहिल्यात." चहा झाला. मी चार सह्या केल्या.

दीडेक वर्षाने त्याच कॉलेजातली एक मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. एस.वाय.ला होती, बौद्धवाडीतली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) वर्गातला एक मुलगा तिला रोज मेसेज करायचा. तिने नकार दिल्यावर त्याने तिचे चोरून काढलेले फोटो मुलांच्या ग्रुपवर टाकले आणि खाली जातीवरून घाण लिहिली. ती धीर करून प्राचार्यांकडे गेली. तिथे उत्तर काय मिळालं? "आपल्याकडे समिती आहे. इतक्या वर्षांत तिच्याकडे एकही तक्रार नाही. इथे असं कधी घडलेलं नाही, मग तुझ्याच बाबतीत कसं घडलं?"

त्या वाक्याखाली माझी सही होती.

पुढचं नेहमीसारखंच. दोन्हीकडच्या पालकांना बोलावलं. मुलगा 'सॉरी' म्हणाला. फोटो डिलीट केले असं त्यानेच सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं. मुलीला सांगितलं, काही दिवस घरी राहा, हजेरीचं आम्ही बघू. कागद एकही झाला नाही. मी त्या मायलेकींना म्हटलं, आता तरी लेखी तक्रार द्या, मी त्या समितीवर आहे. आई माझ्याकडे बघतच राहिली. "तुमी समितीत आसात? मगे आमका कसा म्हायत नाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. उठताना ती म्हणाली, "चेडवाची जात, ताई. गप रवलेला बरा." मुलीने कॉलेज सोडलं, पुढे मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली. मुलगा त्याच वर्षी स्नेहसंमेलनात स्टेजवर नाचत होता.

हा लेख म्हणजे त्या चार सह्यांचा हिशोब आहे. माझं म्हणणं सरळ आहे. कॉलेजातली चौकशी कशी होते हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे. ती धड झाली नाही तर तक्रार करणारी आपली पोर बुडते आणि आरोप झालेला आपला पोरगाही बुडतो. तरून जातो तो फक्त ज्याच्या मागे जात, पैसा आणि संस्थाचालक उभे असतात तो.

नियमात काय आहे आणि नोटीस बोर्डावर काय आहे

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा, ज्याला आपण पॉश म्हणतो. कॉलेजातल्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने वेगळे नियम केले. नाव '२०१५ चे विनियम', राजपत्रात आले २ मे २०१६ ला. आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांनी ते वाचलेत? मी स्वतः सह्या केल्या तेव्हा वाचले नव्हते.

या नियमांनुसार समितीची अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका असते. दोन प्राध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेतली एक बाहेरची व्यक्ती असते. निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधीही हवेत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरच्या पदांवरच्या माणसांनी समितीत बसायचं नाही, म्हणजे ज्याच्या हातात संस्थेची अब्रू सांभाळायचं काम आहे त्याच्या हातात चौकशी द्यायची नाही. आणि आमच्याकडे काय होतं? मुलगी आधी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाते आणि बहुतेक वेळा प्रकरण तिथेच संपतं.

त्या तीन विद्यार्थ्यांचं बघा. नियम म्हणतो, त्यांची निवड पारदर्शक लोकशाही पद्धतीने झाली पाहिजे. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या परत आणायची तरतूद केली, पण प्रत्यक्षात त्या लांबणीवरच पडत राहिल्या. मग हे तीन विद्यार्थी येतात कुठून? 'सरांच्या विश्वासातले' म्हणून येतात. दिल्लीच्या जेएनयूमध्ये १९९९ पासून निवडून आलेल्या विद्यार्थी प्रतिनिधींसह एक समिती होती, जीएसकॅश नावाची. २०१७ मध्ये प्रशासनाने ती मोडून तिच्या जागी आयसीसी आणली, तेव्हा तिथली मुलं-मुली रस्त्यावर आली. समितीवर कोण बसणार यावर सगळं ठरतं हे त्यांना ठाऊक होतं. आपण मात्र समितीचे सदस्य कोण हेही विचारत नाही.

मुदतीही ठरलेल्या आहेत. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. सात दिवसांत तक्रारीची प्रत आरोप असलेल्याला द्यायची, त्याने दहा दिवसांत उत्तर द्यायचं. नव्वद दिवसांत चौकशी, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल, पुढे तीस दिवसांत कारवाई किंवा अपील. चौकशी चालू असताना मुलीला संरक्षण मागता येतं: त्याचा वर्ग बदला, त्याला तिच्यापासून लांब ठेवा, तिला रजा द्या.

आणि एक गोष्ट तर आपण भिंतीवर लिहून ठेवली पाहिजे. याच नियमांत म्हटलंय की जात, वर्ग, प्रदेश, अल्पसंख्याक ओळख, लैंगिक कल, अपंगत्व यांमुळे काही विद्यार्थी छळाला जास्त बळी पडतात आणि त्यांना तक्रार करणंही जास्त कठीण जातं; समितीने याची जाण ठेवली पाहिजे. सरकारी कागदावर जातीचा उल्लेख आहे. तो वाचून दाखवणारं माणूस समितीच्या खोलीत नसतं, एवढीच अडचण.

'मिटवून टाका' म्हणजे काय

कोकणात भांडण मिटवायची जुनी पद्धत आहे. देवळाच्या सभामंडपात बैठक बसते, मानकरी पुढे बसतात, आणि आपल्या वाडीतला माणूस पायरीखाली उभा राहून न्याय ऐकतो. कॉलेजातली 'मिटवामिटवी' हीच बैठक आहे, फक्त खुर्च्या फायबरच्या आहेत.

कायद्यात समेटाची तरतूद आहे. पण तो समेट मुलीने स्वतः मागितला तरच, आणि त्यात पैशाची देवघेव चालत नाही. प्राचार्यांनी बापाला बोलावून 'मुलीचं लग्न व्हायचंय' अशी आठवण करून देणं याला समेट म्हणत नाहीत, त्याला दमदाटी म्हणतात. आपल्याकडे अकरावी-बारावीचे वर्ग बऱ्याचदा सीनियर कॉलेजच्याच आवारात भरतात. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा लागतो, आणि गुन्हा कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा ठरतो. तिथे मिटवायचा अधिकार प्राचार्यांना नाही, आईबापांना नाही आणि आपल्या वाडीच्या पंचांनाही नाही.

मिटवामिटवीत पहिली गळते ती जात. त्या मुलीच्या फोटोखाली जे लिहिलं होतं, ते प्राचार्यांच्या तोंडी 'मुलांनी काहीतरी कमेंट केली' एवढंच उरलं. हे आपल्याला नवीन नाही. राजस्थानातल्या भटेरीच्या भंवरी देवी कुंभार समाजाच्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं, आणि वरच्या जातीचा पुरुष खालच्या जातीच्या बाईला हात लावणार नाही या धाटणीचा तर्क त्या निकालात होता. त्यांच्याच प्रकरणामुळे स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ चा विशाखा निकाल आला. आज कॉलेजात जी समिती आहे तिचा पाया तो निकाल आहे. एका बहुजन बाईने किंमत मोजली म्हणून ही समिती आली, हे समितीच्या एकाही कार्यशाळेत मी ऐकलेलं नाही.

खैरलांजी तर आपल्या काळजावर कोरलेली आहे. २००६ ला भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आणि २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने खुनासाठी शिक्षा दिल्या, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू धरला नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आंध्रातल्या एका अंध दलित मुलीवरच्या बलात्काराचं प्रकरण होतं, पाटण जमाल वली खटला म्हणून ते ओळखलं जातं. जात, लिंग आणि अपंगत्व एकत्र बघितल्याशिवाय अशा बाईवरचा अत्याचार कळत नाही, असं न्यायालयाने त्यात विस्ताराने मांडलं. बलात्काराची जन्मठेप कायम ठेवली. पण अ‍ॅट्रॉसिटीखालची शिक्षा रद्द केली, कारण जातीचा संबंध दाखवणारा पुरावा कागदावर आलाच नव्हता.

यातून आपण काय शिकायचं? पहिल्या दिवशी कागदावर जे येत नाही ते शेवटच्या दिवशी निकालात येत नाही. म्हणून तक्रारीत जातीचे शब्द जसेच्या तसे लिहायचे. लिहायला लाज वाटते, हे मला माहीत आहे. ज्याने ते उच्चारले त्याला लाज वाटली नाही.

घाईचा न्याय कुणाच्या कामी येतो

आता आपल्या लोकांशी बोलते.

असं प्रकरण कानावर आलं की आपली पोरं काय करतात? कॉलेजच्या गेटवर जातात, निवेदन देतात आणि मागणी करतात, 'चोवीस तासांत काढून टाका, नाहीतर कॉलेज बंद पाडू.' तो राग मला कळतो. मीही त्या गेटवर उभी राहिलेय. पण बांदा ओलांडून गोव्यात काय झालं ते ऐका.

गोवा विद्यापीठात २००९ मध्ये विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. तिथल्या समितीने बैठकांमागून बैठका घेऊन झपाट्याने चौकशी उरकली. त्याने बाजू मांडायला वेळ मागितला, तो पुरेसा दिला नाही. २०१० मध्ये त्याला बडतर्फ केलं. तेव्हा सगळ्यांना वाटलं असेल, न्याय झाला. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. आणि १२ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बोपन्ना आणि न्या. हिमा कोहली यांनी ती बडतर्फी रद्द केली. आरोप खोटे आहेत असं न्यायालय म्हणालं नाही. ते म्हणालं, चौकशी अयोग्य घाईत झाली, त्याला बचावाची संधी मिळाली नाही, म्हणून प्रकरण परत समितीकडे पाठवा. चौदा वर्षांनी प्रकरण पुन्हा समितीच्या टेबलावर. तक्रार करताना ज्या विशीत होत्या, त्या एव्हाना पस्तिशीच्या आसपास असतील, संसाराला, नोकरीला लागल्या असतील. त्यांनी पुन्हा येऊन ते सगळं पुन्हा सांगायचं? त्या मुलींवर हा दुसरा अन्याय कुणी केला? नीट काम न करणाऱ्या समितीने केला. आरोपीच्या वकिलाला जे जमलं नसतं ते समितीच्या घाईने करून दिलं.

घाईघाईत उभं केलेलं किती टिकतं हे मालवणच्या माणसाला सांगायला नको. राजकोटावरचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला.

कुणी म्हणेल, मग काय मुलीला कोर्टासारखं पिंजऱ्यात उभं करून आरोपीसमोर उलटतपासणी घ्यायची? अजिबात नाही. पन्नास वर्षांपूर्वीचं रांचीचं उदाहरण आहे. १९७२ मध्ये राजेंद्र मेडिकल कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात रात्री काही मुलं घुसली आणि त्यांनी मुलींशी अश्लील वर्तन केलं. कॉलेजने प्राध्यापकांची समिती नेमली. समितीने मुलींचे जबाब त्या मुलांच्या गैरहजेरीत घेतले. इतर मुलांच्या फोटोंत मिसळलेल्या फोटोंवरून मुलींनी त्यांना ओळखलं. मग त्या मुलांना बोलावून, तक्रार करणाऱ्यांची नावं न सांगता, आरोप काय आहेत ते सांगितलं आणि त्यांचं म्हणणं लेखी घेतलं. त्यांना दोन शैक्षणिक वर्षांसाठी काढून टाकलं. मुलं सर्वोच्च न्यायालयात गेली. १९७३ मध्ये न्यायालयाने कॉलेजचा निर्णय कायम ठेवला. मुलींना त्या मुलांसमोर बोलायला लावलं असतं तर त्यांना पुढे जगणं अवघड झालं असतं, हे न्यायालयाला कळलं.

दोन्ही निकाल शेजारी ठेवा. रांचीच्या समितीने मुलींना झाकलं आणि मुलांना ऐकून घेतलं, तो निर्णय टिकला. गोव्यात ऐकून घेण्यात कसूर झाली, तो निर्णय पडला. कॉलेजची चौकशी म्हणजे फौजदारी खटला नव्हे, तेवढा काटेकोर पुरावा तिथे कुणी मागत नाही. पण आरोप सांगणं, पुरावा दाखवणं, म्हणणं ऐकणं आणि कारणं लिहून निर्णय देणं, एवढं तरी लागतंच.

आणि आरोप आपल्या पोरावर असेल तेव्हा?

हा भाग लिहू नको असं मला दोन कार्यकर्त्यांनी सांगितलं. म्हणूनच लिहिते.

मी एक प्रकरण जवळून बघितलंय. आपल्याच वाडीतला मुलगा, पहिल्या पिढीचा पदवीधर होणार होता. दुसऱ्या जातीतल्या मुलीशी बोलताना, एसटी स्टँडवर एकत्र थांबताना दिसायचा. एक दिवस मुलीचे नातेवाईक कॉलेजवर आले. 'आमच्या मुलीला त्रास देतो.' मुलीने स्वतः एक ओळही लिहून दिली नाही. तिला कुणी विचारलंही नाही. समिती बसली नाही. दुपारपर्यंत मुलाच्या बापाकडून टीसीसाठी अर्ज लिहून घेतला होता, 'स्वेच्छेने'. त्याने खरंच त्रास दिला होता का? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, कारण चौकशीच झाली नाही. मुलगी छळली गेली असेल तर तिला न्याय मिळाला नाही. नसेल तर तो मुलगा जातीपायी बाहेर गेला.

माझ्या फोटोवाल्या मुलीच्या बाबतीत 'सॉरी'वर भागलं आणि या पोराच्या बाबतीत अर्ध्या दिवसात टीसी निघाली. दोन्ही प्रकरणं याच जिल्ह्यातली. समिती दोन्हीकडे बसली नाही. फरक फक्त कुणाचा बाप कुठे बसतो याचा होता. म्हणून मी म्हणते, नियम बाजूला ठेवून निर्णय व्हायला लागले की ते आपल्या विरोधातच जाणार.

शिक्षाही बघा. नियमांत विद्यार्थ्याला सुधारणेसाठी समुपदेशन आणि समाजसेवा इथपासून वसतिगृह, ग्रंथालय, शिष्यवृत्ती बंद करणं, काही काळ आवारात बंदी आणि शेवटी नाव कमी करणं इथपर्यंत शिक्षा आहेत. शिष्यवृत्ती बंद झाली तर संस्थाचालकाच्या भाच्याचं काही बिघडत नाही, आपल्या पोराचं शिक्षण तिथेच संपतं. गुन्हा गंभीर असेल तर संपू दे, त्याबद्दल मला दया नाही. पण शिक्षा गुन्ह्याच्या मापाची आहे की जातीच्या, हे तपासायला कारणं लिहिलेला कागद हातात लागतो.

आता उलट बाजू. आरोप झालेला आपला पदाधिकारी असतो, जयंती मंडळाचा अध्यक्ष असतो, चांगला वक्ता असतो. तेव्हा आपण काय म्हणतो? 'चळवळ बदनाम होईल.' 'हे मनुवाद्यांचं कारस्थान आहे.' 'ताई, तुम्ही तिला समजवा.' मला हे तीनही निरोप आलेत. संस्थेची अब्रू वाचवायला प्राचार्य जे करतात तेच आपण चळवळीची अब्रू वाचवायला करतो. तक्रार करणारी मुलगीही बौद्धवाडीतलीच असते. चळवळ तिची नाही का? १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजायची असं सांगितलं, ते आपण पोस्टरवर छापतो. मोजायची वेळ आली की पट्टी लपवतो.

'कार्यपद्धती म्हणजे सवर्णांची चैन'

काही तरुण साथी मला म्हणतात, ताई, कार्यपद्धती वगैरे सवर्णांच्या गोष्टी आहेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये, कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या राया सरकार यांनी लैंगिक छळाचे आरोप असलेल्या प्राध्यापकांची यादी समाजमाध्यमावर टाकली. तेव्हा मोठ्या स्त्रीवादी विदुषींनी 'योग्य प्रक्रियेने जा' असं म्हटलं आणि दलित-बहुजन मुलींनी विचारलं, ती प्रक्रिया आमच्यासाठी कधी उघडी होती? प्रश्न बिनतोड होता. माझा त्या रागाशी वाद नाही. बंद दारासमोर उभ्या असलेल्या माणसाला 'दारातूनच ये' म्हणणं ही क्रूर थट्टा आहे.

दार बंद ठेवलं की काय होतं, ते ओडिशातल्या बालासोरच्या फकीर मोहन महाविद्यालयात दिसलं. बी.एड.च्या विद्यार्थिनीने विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार केली होती. दाद लागत नाही हे बघून १२ जुलै २०२५ ला तिने आवारातच स्वतःला पेटवून घेतलं. दोन दिवसांनी ती गेली. समिती तिथेही होती.

पण यादीने कुणाचा वर्ग बदलत नाही, कुणाला परीक्षेला बसताना संरक्षण मिळत नाही, आणि उद्या तशीच यादी आपल्या पोरांची निघाली तर उत्तर द्यायची जागा उरत नाही. बंद दारावर उपाय म्हणजे दार उघडायला लावणं. चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी दुसरं तळं खोदायला सांगितलं नव्हतं. होतं त्याच तळ्यावरचा हक्क त्यांनी बजावला, आणि पुढे दहा वर्षं कोर्टात तो लढवला.

ज्यांना हे परकं वाटतं त्यांनी आपला विनयपिटक उघडावा. भिक्खू उदायी सावत्थीच्या एका घरात तरुण स्त्रीबरोबर एकांतात बसलेला एका उपासिकेने पाहिला. तिने त्याला तिथेच सांगितलं की हे योग्य नाही. त्याने ऐकलं नाही. तिने जाऊन भिक्खूंना सांगितलं. भगवंतांनी उदायीला खडसावलं आणि 'अनियत' म्हणून ओळखले जाणारे नियम घातले: विश्वासार्ह उपासिकेने असं काही सांगितलं तर संघाने त्याची दखल घेऊन त्या भिक्खूवर कारवाई करायची. त्याच विनयात द्वेषाने खोटा आरोप करणं हाही गंभीर दोष आहे, आणि वाद मिटवायचा पहिला मार्ग 'सम्मुखाविनय' आहे, म्हणजे संबंधितांच्या समक्ष, धम्म आणि विनयानुसार निर्णय. बाईच्या शब्दाला वजन आणि आरोपिताला ऐकून घेणं, दोन्ही एकाच ग्रंथात. आणि त्या उपासिकेचं नाव? विशाखा. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाशी नावाचा हा योगायोग असेल, पण बौद्ध म्हणून मला तो विसरता येत नाही.

काय करायचं

१. तुमचं कॉलेज अनुदानित असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. समितीचे सदस्य कोण, विद्यार्थी प्रतिनिधी कसे निवडले, बैठका कुठल्या तारखांना झाल्या, वार्षिक अहवाल कुठे आहे? तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे.

२. तक्रार लेखीच द्या. तारीख, जागा, साक्षीदार, स्क्रीनशॉट आणि जातीवाचक शब्द जसेच्या तसे. प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

३. 'मिटलं' असं लिहिलेल्या कागदावर मुलीची किंवा पालकांची सही होऊ देऊ नका. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. त्या धमकीला घाबरू नका.

४. कॉलेजची समिती पोलिसांची जागा घेत नाही. भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळासाठी कलम ७५, चोरून चित्रण करण्यासाठी ७७, पाठलागासाठी ७८ आहे. मुलगी अनुसूचित जाती-जमातीची असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(डब्ल्यू) बघा. एफआयआर करायचा निर्णय तिचा असू द्या. आपण सोबत जायचं.

५. बॅनरवर, स्टेटसवर, निवेदनात मुलीचं नाव नको. आरोप असलेल्याचंही चौकशी संपेपर्यंत नको. मोर्चा काढायचा तर 'समिती बसवा, मुदत पाळा' या मागणीसाठी काढा.

६. आरोप आपल्या माणसावर असेल तर त्याने पद सोडून चौकशीला सामोरं जायचं आणि दहा दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. मुलीच्या घरी मध्यस्थ पाठवायचे नाहीत.

७. आपल्या शिकलेल्या बायांनी समित्यांवर बाहेरच्या सदस्य म्हणून जायचं. आणि सही करण्याआधी वाचायचं.

शेवटचा मुद्दा मी स्वतःला सांगतेय. मी त्या समितीचा राजीनामा दिला नाही. पुढच्या वेळी रजिस्टर आलं तेव्हा दोन इतिवृत्तं तयार होती. सहीच्या जागी मी लिहिलं, 'ही बैठक झालेली नाही', खाली तारीख घातली. प्राध्यापिका बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ताई, आता हे पान नॅकला कसं दाखवू?" मी म्हटलं, बैठक घ्या, नवीन पान लिहू.

दहा दिवसांनी फोन आला. बैठक होती. त्या कॉलेजातली, माझ्या माहितीतली, पहिली खरी बैठक. आम्ही पाचजण होतो. विद्यार्थी प्रतिनिधींच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मी तेही लिहून घ्यायला लावलं.

जय भीम.